एका पैठणीमागचा एक दिवस

शिर्डीला साईबाबांचे दर्शन झाले की पुष्कळ गाड्या परतीच्या वाटेवर येवल्याकडे वळतात. अंतर जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर. वाटेत कोपरगावला गोदावरी लागते, पुढे पैठणला जाणारी तीच गोदावरी. मग नगर-मनमाड रस्त्याच्या कडेने पैठणीच्या दुकानांच्या पाट्या दिसू लागतात. दक्षिणेकडून रेल्वेने येणारे अनेक भाविक तर येवला तालुक्यातल्याच नगरसूल स्थानकावर उतरतात. लेकीचे लग्न ठरलेले असते, सुनेची ओटी भरायची असते, किंवा इतक्या लांब आलोच आहोत तर एक पैठणी घेऊन जाऊ, असे मनात असते. शिर्डी आणि पैठणी यांची सांगड आता पक्की बसली आहे.

गादीवर साडी उलगडली की मोजमाप सुरू होते. पदरावर मोर किती, काठ किती इंचांचा, बुट्टी एकधोटी की हाताने भरलेली, जर कसली, मागावर किती महिने होती. हे मोजमाप मला आवडते. विणकराच्या हाताची किंमत गिऱ्हाइकाने विचारावी आणि विक्रेत्याने ती अभिमानाने सांगावी, हे आपल्याकडे फार थोड्या वस्तूंच्या वाट्याला येते. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, येवल्याच्या विणकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, रेशीम अस्सल असल्याची खूण म्हणून २००४ पासून ‘सिल्क मार्क’ची चिठ्ठी लागू लागली. विणणाऱ्याच्या कसबाला नाव मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते.

‘रेशीम कुठले?’ असे विचारले तर उत्तर येते, ‘बंगलोरचे’. तिथे चौकशी थांबते. कोषातून तो धागा कोणी काढला, कशा पाण्यात हात घालून काढला, त्या हाताला काय मिळाले, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि विक्रेत्यालाही ते माहीत नसते. रेशमाच्या सगळ्या प्रवासात सर्वांत नाजूक काम या टप्प्यावर होते. आणि नेमक्या याच टप्प्यावरच्या माणसाचे कसब आणि कष्ट कोणी नीट मोजत नाही. हा लेख त्या मोजमापाविषयी आहे.

कोष म्हणजे रेशीमअळीने दोन-तीन दिवस डोके इंग्रजी आठच्या आकड्यासारखे हलवत स्वतःभोवती गुंडाळून घेतलेला एक अखंड तंतू. बायव्होल्टाइन जातीच्या चांगल्या कोषात त्याची लांबी हजार मीटरच्या आसपास भरते. तंतूच्या आत फायब्रॉइनचे दोन धागे असतात आणि त्यांना सेरिसिन नावाचा नैसर्गिक डिंक चिकटवून धरतो. वजनात साधारण पाव हिस्सा हा डिंकच. तो गरम पाण्यात सैल करायचा, तंतूचे टोक शोधायचे, सात-आठ कोषांची टोके एकत्र करून एकच धागा असारीवर, म्हणजे फिरत्या चाकावर, गुंडाळत राहायचे. या कामाला रीलिंग म्हणतात आणि ते करणाऱ्याला रिलर. सांगायला चार वाक्ये पुरतात. शिकायला वर्षे जातात.

कोष किती शिजवायचा, इथूनच कसब सुरू होते. कमी शिजला तर तंतू सुटत नाही, ओढला की तुटतो. जास्त शिजला तर तंतूचे पुंजकेच्या पुंजके सुटतात आणि ते सगळे टाकाऊ रेशमात जाते. कोष कुठल्या हंगामातला, किती दिवसांचा, वाळवताना किती तापला, पाणी जड की हलके, यावर ही वेळ बदलते. अनुभवी माणूस कोष बोटांत दाबून ओळखतो. मग पृष्ठभागावर ब्रश किंवा काडी फिरवून खरे टोक वेगळे करायचे. ते माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक असते आणि वाफेत दिसतही नाही. बोटांनाच ते कळते.

खरी परीक्षा त्यापुढे असते. कोषातला तंतू सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या जाडीचा नसतो. बाहेरचा भाग जाडसर, आत आत जाताना बारीक होत जाणारा. आठही कोष नवे असतील तर धागा जाड येतो, आठही संपत आलेले असतील तर बारीक. म्हणून रिलर बाई पाण्यात नवे, अर्धे आणि संपत आलेले कोष असे मिसळून ठेवते की सगळे मिळून जाडी एकसारखी राहावी. कोष पातळ होऊन आतली अळी पारदर्शक पडद्याआड दिसू लागली, की नवे टोक त्यात टाकायची वेळ झाली. ते टोक चालत्या धाग्यावर नुसते फेकायचे असते. डिंक ओला असल्यामुळे ते चिकटते आणि धाग्याबरोबर ओढले जाते. गाठ मारायची नाही, असारी थांबवायची नाही. क्षणाचा उशीर झाला तर तेवढ्या मीटरभर धाग्यात एक तंतू कमी पडतो, आणि तो पुढे विणकराला मागावर त्रास देतो.

धाग्याचे मोजमाप मात्र जगभर फार काटेकोर आहे. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. प्रयोगशाळेत १.१२५ मीटर घेराच्या चाकावर ४०० फेरे घेऊन ४५० मीटरची लहान लडी करतात आणि ती तोलतात. बावीस डेनियरच्या धाग्याची अशी लडी जेमतेम १.१ ग्रॅम भरते. अनेक लड्यांच्या वजनांत किती फरक पडतो त्यावरून एकसारखेपणा ठरतो. धागा काळ्या फळीवर शेजारी शेजारी गुंडाळून, प्रकाशात धरून, प्रमाण छायाचित्रांशी ताडून पाहतात. गुठळ्या, पीळ, सैल टोके, सगळ्याला गुण. शेवटी ए, दोन ए, तीन ए, चार ए अशी प्रत ठरते. किती किलो कोषांतून एक किलो कच्चे रेशीम निघाले, या आकड्याला रेंडिटा म्हणतात. चांगले कोष आणि चांगला हात असेल तर तो सहा-सातच्या घरात राहतो, नाहीतर आठच्या पुढे जातो.

या साऱ्या चाचण्या धाग्याच्या आहेत. पण ज्याला ‘धाग्याचा एकसारखेपणा’ म्हणतात, ते त्या बाईचे दिवसभराचे अवधान आहे. रेंडिटा म्हणजे तिच्या बोटांची काटकसर. तिचे गुण धाग्याच्या नावावर जमा होतात.

ढोबळ हिशेब मांडून पाहू. सहावारी पैठणीला साधारण अर्धा किलो रेशीम लागते असे धरतात. धुऊन डिंक घालवताना वजन घटते, म्हणून कच्चे रेशीम साडेसहाशे ग्रॅम तरी हवे. रेंडिटा सात धरला तर त्यासाठी साडेचार किलो ताजे कोष लागतील. किलोला सहाशे कोष धरले तर ही संख्या सत्तावीसशेच्या आसपास जाते. एका साडीत दोन हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा तंतू गुंफलेला असतो, आणि सत्तावीसशे वेळा कोणाच्या तरी बोटांनी त्याचे टोक गरम पाण्यात शोधलेले असते. मध्ये तंतू तुटला की पुन्हा शोधावे लागते, ते वेगळेच.

आता बाईकडून हिशेब करू. कॉटेज बेसिन नावाच्या साध्या यंत्रावर एका घंगाळाशी बसलेली बाई सहा धागे सांभाळते असे धरा. प्रत्येक धाग्यात आठ कोष, म्हणजे एका वेळी अठ्ठेचाळीस. असारी मिनिटाला शंभर मीटर धागा ओढते आहे आणि कोषातून आठशे मीटर तंतू नीट निघतो आहे, असे मानले तर प्रत्येक कोष आठ मिनिटांत संपतो. अठ्ठेचाळीस कोष आठ मिनिटांत, म्हणजे मिनिटाला सहा. दर दहा सेकंदांना एक कोष संपतो आणि त्याच्या जागी नवे टोक जोडावे लागते. आठ तास असे चालले तर २,८८० कोष होतात आणि कच्चे रेशीम सातशे ग्रॅमच्या जवळ जाते.

दोन्ही हिशेब शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. एका पैठणीचे रेशीम म्हणजे घंगाळाशी बसलेल्या एका बाईचा साधारण एक दिवस. कोष शिजवणारा, लडी करणारी, पीळ देणारा यांचे श्रम यात धरलेले नाहीत. पण टोक शोधण्याचा आणि धागा राखण्याचा जो गाभा आहे, तो एवढाच. एक दिवस, दर दहा सेकंदांना एक अचूक हालचाल.

तिच्या कसबाचे रुपयांत रूपांतरही करता येते. कोषाचा भाव किलोला पाचशे रुपये धरा. एका बाईच्या हातचा रेंडिटा सात आहे आणि शेजारच्या घंगाळावरच्या बाईचा साडेसहा. दुसरीने प्रत्येक किलो रेशमामागे अर्धा किलो कोष वाचवले, म्हणजे अडीचशे रुपये. दिवसाला सातशे ग्रॅमच्या हिशेबाने ती मालकाचे रोज पावणेदोनशे रुपये वाचवते. दोघींना रोज सारखाच मिळत असेल, तर या वाचलेल्या पैशातला एक रुपयाही दुसरीच्या हाती पडत नाही. ज्या धंद्यात दशांश ग्रॅमचा हिशेब राहतो, तिथे एवढी मोठी रक्कम नोंदीतून सुटावी हे मला पटत नाही. नोंद ठेवायची ठरवली तर एक वही आणि एक तराजू पुरतो.

आता त्या घंगाळाभोवतीची हवा. कोष शिजवण्याचे पाणी उकळण्याच्या जवळ असते. सुधारलेल्या यंत्रावर धागा काढण्याचे पाणी कोमट ठेवता येते, पण जुन्या चरख्यावर शिजवणे आणि काढणे एकाच भांड्यात होते आणि बोटे त्या पाण्याच्या तोंडाशीच राहतात. दिवसभर ओली राहिलेली कातडी पांढरी पडून सोलते, नखांच्या कडा कुजतात. उकडलेल्या अळीचा उग्र वास खोलीत भरून राहतो. भट्टीला लाकूड, तर धूर. वाफेमुळे उन्हाळ्यात श्वास जड होतो. सेरिसिनची आणि अळीच्या कणांची ॲलर्जी होऊन दमा जडतो, हे १९८० च्या दशकातच भारतीय संशोधकांनी गिरण्यांत तपासून दाखवले होते. पाठ, मान आणि खांदे तर सततच्या एकाच बैठकीने जातातच.

आशियातला सर्वांत मोठा कोषबाजार म्हणून ओळखले जाणारे रामनगर, तसेच शिडलघट्टा, या कर्नाटकातल्या गावांत घराघरातून हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. २००३ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने भारतातल्या रेशीम उद्योगातल्या वेठबिगार मुलांविषयी अहवाल काढला. कोष पुरेसे शिजले का हे पाहण्यासाठी लहान मुलांना गरम पाण्यात हात घालावा लागतो, हे त्या अहवालाने जगासमोर ठेवले. बालमजुरी कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीने, घरच्या उद्योगातल्या मदतीसारखे अपवाद सोडले तर, चौदा वर्षांखालील मुलांना कुठल्याही धंद्यात कामाला ठेवणे बेकायदा ठरले. कायदा झाला, आणि पूर्वीइतक्या उघडपणे हे चालत नाही. पण मुलांच्या जागी जे मोठे हात आले, त्यांच्यासाठी पाणी थंड झालेले नाही. बहुतेक युनिटे इतकी छोटी, की कारखान्यांच्या कायद्याला लागणारी कामगारसंख्याच तिथे भरत नाही. त्यामुळे तपासनीस येत नाही, आणि आला नाही की नोंद होत नाही.

महाराष्ट्रात ही कहाणी विदर्भात वेगळ्या रूपात आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पाळतात. ढिवर समाजाने हे ज्ञान जंगलात जिवंत ठेवले आणि कोष्टी समाजाने त्या रेशमाची करवतकाठी साडी विणली. टसरचा कोष तुतीच्या कोषाहून मोठा आणि फार कठीण. तो सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करायचा. मग बाई जमिनीवर बसते, चार-पाच कोषांचे तंतू एकत्र ओढते आणि उघड्या मांडीवर तळहाताने घासून त्यांना पीळ देते. पूर्व भारतात, छत्तीसगड-झारखंड-बिहारच्या पट्ट्यात, हजारो बायकांनी अशीच आयुष्ये काढली. मांडीची कातडी सोलते, काळी पडते, घट्टे पडतात. लाजेमुळे हे काम घराच्या आत, अंधाऱ्या कोपऱ्यात चालते. दिवसभर घासून निघणारा धागा बहुधा शंभर ग्रॅमलाही पोहोचत नाही.

आपल्या देशात रिलर बाईचे काम आणि कमाई सरकारने शेजारी ठेवून पाहिल्याचे एक स्पष्ट उदाहरण मांडीवरच्या या कामातच आहे. केंद्रीय रेशीम तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे बंगळुरूच्या सीएसटीआरआयने, पाहणी केली. मांडीवर धागा काढणाऱ्या बाईला दिवसाला साधारण १२५ रुपये मिळतात आणि यंत्रावर काढणारीला ३५० रुपये मिळू शकतात, असे त्यात आढळले. संस्थेने छत्तीसगडमधल्या चांपा इथल्या उद्योजकाच्या साथीने ‘बुनियाद’ हे छोटे यंत्र तयार केले. तेव्हाची किंमत करांशिवाय ८,६७५ रुपये. फेब्रुवारी २०१९ मध्ये वस्त्रोद्योग मंत्रालयाने ही यंत्रे आदिवासी भागातल्या महिलांना वाटली आणि मार्च २०२० पर्यंत मांडीवरचे रीलिंग संपवायचे असे जाहीर केले.

या निर्णयाला मी मनापासून चांगला म्हणतो. आणि त्यामागचे कारण नीट पाहायला हवे. मांडीवरच्या कष्टाची कणव तर आधीही सर्वांना होती. शतकानुशतके होती. निर्णय झाला तो कणवेला आकड्यांची जोड मिळाल्यावर. १२५ आणि ३५० हे दोन आकडे शेजारी आले, ८,६७५ ची खरेदी किती दिवसांत फिटते हे कागदावर दिसले, आणि फाइल हलली. कोणाचे कष्ट मोजले गेले की त्याविषयी बोलायला सरकारी भाषा मिळते. घंगाळाशी बसणाऱ्या तुती-रेशमाच्या बाईसाठी असे दोन आकडे शेजारी ठेवणारे कोणी हवे आहे.

मोजमापाचा धोकाही मोठा आहे, आणि तो जपानच्या इतिहासात स्पष्ट वाचता येतो. १८७२ मध्ये जपान सरकारने तोमिओका इथे फ्रेंच तज्ज्ञ पॉल ब्रुना याच्या देखरेखीखाली आदर्श रेशीम गिरणी उभी केली. २०१४ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. तिथे कामाचे तास मर्यादित होते, रविवारी सुट्टी होती, आणि मुलींना कसबानुसार श्रेणी दिल्या जात. शिकून गावी परतलेल्या मुलींनी इतर गिरण्यांत शिक्षिका म्हणून काम केले. तिथपर्यंत श्रेणी म्हणजे मान होता. पुढे नागानो प्रांतातल्या सुवा भागातल्या खासगी गिरण्यांनी तीच कल्पना उचलली आणि तिचा चाबूक केला. प्रत्येक मुलीने दिवसात किती धागा काढला, किती कोष खर्च केले, जाडी किती राखली, चकाकी कशी, हे सगळे मोजायचे. सगळ्यांची सरासरी काढायची. सरासरीच्या वर असेल तिला बक्षीस, खाली असेल तिला दंड. मालकाची मजुरीची एकूण रक्कम तेवढीच. एकीचे बक्षीस दुसरीच्या दंडातून जायचे. सगळ्या मुली अधिक चांगले काम करू लागल्या तर सरासरीच वर सरकायची, आणि तेरा-चौदा तास राबूनही निम्म्या मुली खालीच राहायच्या. १८८६ मध्ये कोफू इथल्या गिरणीतल्या मुलींनी वाढवलेल्या तासांविरुद्ध आणि कापलेल्या मजुरीविरुद्ध काम थांबवले. जपानमधला तो पहिला संप मानला जातो.

सुवाच्या वह्यांत मुलीचे कसब नोंदलेले होते. घंगाळाचे तापमान, खोलीतली वाफ, तिचा खोकला नोंदलेला नव्हता. माझे म्हणणे इथेच आहे. कसब मोजायचे तर परिस्थितीही त्याच पानावर मोजली पाहिजे. डेनियरच्या शेजारच्या रकान्यात पाण्याचे तापमान हवे. रेंडिटाशेजारी बैठकीचे तास हवेत. आणि ती वही जिची आहे तिला वाचता आली पाहिजे. कामगाराच्या हाती न येणारे मोजमाप शेवटी त्याच्यावरच उगारले जाते.

अशी पाहणी करायची साधने फार साधी आहेत. पाण्याचा आणि खोलीचा तापमापक, हवेतल्या दमटपणाचे मोजणे, नाडीचे ठोके. दुखणारे भाग दाखवण्यासाठी शरीराच्या आकृतीवर खुणा करायची प्रश्नावली जगभर वापरात आहे. बैठकीचे गुण देऊन सांधे किती ताणले जातात ते ठरवायची पद्धत आहे. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकरी बायकांचे कष्ट असेच मोजले गेले आणि त्यावरून शेतीकामाची हलकी साधने सुचवली गेली. खुरपणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाईच्या पाठीचा हिशेब आपल्याकडे झाला आहे. रेशमाच्या बाईचा करणे त्याहून अवघड नाही.

येवल्यातही ही नोंद लागेल. कारण कोषातून निघालेला धागा येवल्यात आल्यावर त्याला पुन्हा बायकांच्याच हातांतून जावे लागते. लडी साबण-सोड्याच्या गरम पाण्यातून काढून डिंक घालवतात, रंगवतात, वाळवतात. मग रहाटाशी बसलेली बाई ती लडी असारीवरून सोडवत कांड्या भरते. धागा तुटला की टोक शोधून पुन्हा जोडायचे. रिलर बाईने जिथे क्षणभर उशीर केला होता, तिथेच हा धागा तुटतो. दोघी एकमेकींना कधी भेटत नाहीत, पण एकीची चूक दुसरीच्या बोटांना कळते. ताणा लावताना हजारो तारा एकेक करून जुन्या तारांशी सांधायच्या असतात. हे काम मागाच्या जवळ, कमी उजेडात, मान खाली घालून चालते. साळी, कोष्टी, खत्री अशा अनेक घरांत ही कामे आई, बायको, मुलगी करते, आणि घरचेच म्हणून त्याचा वेगळा दाम धरलाच जात नाही.

२०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार नोंदले गेले. त्यांत सुमारे २६.७ लाख विणकर आणि ८.५ लाखांच्या आसपास ‘संलग्न कामगार’. कांड्या भरणारी, ताणा लावणारी, रंगवणारी माणसे या दुसऱ्या रकान्यात येतात. निदान ती मोजली गेली. कोषातून धागा काढणारी बाई मात्र मागाच्याही आधीच्या टप्प्यावरची, रेशीम खात्याकडची. आणि रेशीम खात्याचा हिशेब टनांत असतो. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे ३८,९०० टन कच्चे रेशीम झाले. चीनखालोखाल आपणच. तुती, टसर, एरी, मुगा हे चारही प्रकार पिकवणारा देश तर जगात एकटा भारत. हे आकडे अभिमानाचे आहेतच. त्यात हातांचा आकडा जोडला तर अभिमान पुरा होईल.

महाराष्ट्रासाठी ही वेळ फार मोलाची आहे, असे मला वाटते. रेशीम संचालनालय नागपूरला आहे. महारेशीम अभियान दरवर्षी चालते, मनरेगातून तुतीची लागवड होत आली. बीड, जालना, धाराशिव या कमी पावसाच्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी कापूस-सोयाबीनच्या जोडीला तुती लावली. पूर्वी कोषांची पोती घेऊन त्यांना थेट रामनगर गाठावे लागे. २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोषबाजार सुरू झाला. स्वयंचलित रीलिंग यंत्रेही राज्यात आली आहेत. त्यांत धाग्याची जाडी यंत्र स्वतः ताडते आणि कमी पडली की नवा कोष सोडते. तुटलेल्या धाग्याचे टोक शोधणे, गाठी मारणे, चारशे धाग्यांवर लक्ष ठेवत चालत राहणे, हे माणसाकडेच राहते. बाई घंगाळाशी बसण्याऐवजी आता दिवसभर उभी असेल. तिच्या पायांचे काय होते, हे पहिल्या वर्षापासून पाहिले तर पुढच्या पन्नास वर्षांचे नुकसान टळेल. कर्नाटकात हा धंदा जुन्या सवयींसकट वाढला, तिथे बदल करणे जड जाते. आपल्याकडे तो नव्याने उभा राहतो आहे. नवी इमारत बांधताना खिडकी ठेवायला पैसे फारसे लागत नाहीत.

कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवाला परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ पासून आहे. ती रिलर बायकांसाठी, कांड्या भरणाऱ्यांसाठी मनापासून वापरावी. परीक्षक वर्गात प्रश्न विचारणारा नसावा. घंगाळाशी उभा राहून तासभर पाहणारा असावा. धागा किती वेळा तुटला, किती लवकर जोडला, कोष किती वाया गेले, जाडी किती राखली. हे चार आकडे आणि त्यावरून ठरलेला दर. ज्या बाईचा रेंडिटा साडेसहा, तिच्या मजुरीत तो दिसला पाहिजे. आणि सरासरीशी तुलना करून दंड कधीच लावता कामा नये, हे नियमातच लिहिलेले असावे.

परभणी, जालना, नगरसूल ही तिन्ही स्थानके एकाच रेल्वेमार्गावर आहेत. परभणीत कष्ट मोजणारे विद्यापीठ, जालन्यात कोषबाजार, नगरसूलजवळ येवल्याचे माग. या तिघांना एकत्र बसवून राज्याने रेशीम कामगारांची पहिली पाहणी करावी. ती पाहणी मराठीत छापावी आणि जिच्याविषयी आहे तिला वाचून दाखवावी, अशी माझी रेशीम संचालनालयाला विनंती आहे. पुढची हातमाग गणना होईल तेव्हा धागा काढणाऱ्यांसाठी त्यात एक रकाना असावा.

आणि वाचकहो, शिर्डीहून परतताना पैठणी घेणार असाल तर जरूर घ्या. मोर मोजा, काठ मोजा, विणकराचे नाव विचारा. त्याचबरोबर धागा काढणारीला काय मिळते तेही विचारा. विक्रेत्याला उत्तर ठाऊक नसेल, पण पुन्हा पुन्हा विचारले तर तो पुढे विचारू लागेल. तिच्या एका दिवसाची मजुरी दीडशे रुपयांनी वाढली, तर दहा-पंधरा हजारांच्या साडीची किंमत दीडशे रुपयांनी वाढेल. तेवढे आपण देऊ शकतो.